पहाटे तीनला टक्क जाग येते: सगळा दोष कॉर्टिसोलचाच का?

मुक्ता_सातारा | सोमवार, पहाटे ३:२२

नमस्कार मंडळी. वेळ बघूनच विषय कळला असेल.

दिवाळीनंतर सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली होती, आता हात थोडा हलतो. दिवसा मदतीला एक मावशी येतात, रात्री मी आणि नवरा. मी शाळेत शिकवते. रात्री साडेदहाला अंग टाकलं की झोप लगेच लागते, तक्रार तिथे नाहीच. पण तीनच्या सुमाराला टक्क जाग येते. बाबांची हाक नसते, कसला आवाजही नसतो. छातीत धडधड होते आणि डोक्यात यादी सुरू होते: फिजिओचे पैसे, नववीचे पेपर, बाबांच्या गोळ्या संपत आल्यात, पाठीला जखम तर होत नाहीये ना. पाचला पुन्हा गुंगी येते आणि सहाला गजर.

फोनवर हल्ली दर तिसरा व्हिडिओ कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकावर असतो. तीनला जाग आली, कॉर्टिसोल. चेहरा सुजला, कॉर्टिसोल. पोट सुटलं, कॉर्टिसोल. एका लॅबचा 'स्ट्रेस पॅकेज'चा मेसेजही आलाय. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ताण आला की मेंदूत नेमकं काय होतं म्हणून झोप मोडते? आणि ती तपासणी करून काही हाती लागतं का?

अनुभव, सल्ले सगळं चालेल. फक्त 'टेन्शन घेऊ नकोस' एवढं सोडून.

टेस्टर_रघू | पहाटे ३:३१

पहिला! म्हणजे मीही जागाच आहे. आमचं गिऱ्हाईक अमेरिकेत, शेवटची मीटिंग साडेअकराला संपते. लॅपटॉप मिटला तरी डोक्यातली मीटिंग चालूच राहते. तुम्हाला झोप लागून मोडते, मला लागतच नाही. धाग्यावर बसलो आहे, जाणकार येऊ द्या.

अंजली_काकू | सकाळी ६:१०

मुक्ता, दुधात जायफळ उगाळून घेत जा गं. तळपायाला तेल लाव. आणि बाबांना लवकर आराम पडो.

स्टेथोस्कोप | सकाळी ९:४५

मुक्ताताई, आधी तपासणीचं सांगतो, कारण पैसे त्यात जातील.

कॉर्टिसोल दिवसभर एका पातळीवर नसतंच. मध्यरात्रीच्या आसपास ते सगळ्यांत कमी असतं, दोन-तीननंतर चढायला लागतं आणि उठायच्या वेळी सगळ्यांत वर पोचतं. उठल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात त्याची आणखी एक उसळी येते. हे धडधाकट माणसातही रोज होतं. त्यामुळे सकाळी आठला रक्त दिलं आणि आकडा वरच्या अंगाला आला, तर त्यावरून तुमच्या ताणाबद्दल काहीच सांगता येत नाही. सुई टोचून घ्यायची धास्ती असली तरी तो थोडा वाढतो. कॉर्टिसोल खरोखर आजार म्हणून वाढतं ते कुशिंगच्या विकारात. तिथे रात्री उशिराची लाळ, चोवीस तासांची लघवी किंवा रात्री अकराला डेक्सामेथासोनची गोळी देऊन सकाळी रक्त, अशा तपासण्या असतात. त्या कधी करायच्या ते डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात. स्नायूंत अशक्तपणा, पोटावर रुंद जांभळे पट्टे, जरा लागलं की काळंनिळं पडणं, हाताबाहेर गेलेली साखर आणि रक्तदाब. तुम्ही लिहिलंत त्यात यातलं काहीच नाही. पॅकेज सोडून द्या.

आता मेंदूत काय होतं ते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बोराएवढाही नसलेला भाग आहे. धोक्याची वर्दी मिळाली की तिथल्या काही पेशी सीआरएच नावाचं रसायन सोडतात. ते खालच्या पिट्युटरी ग्रंथीला जागं करतं, पिट्युटरी एसीटीएच सोडते, ते रक्तातून मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत जातं आणि तिथून कॉर्टिसोल निघतं. ते कॉर्टिसोल मेंदूत परत पोचून 'आता पुरे' असं सांगतं, की साखळी थंडावते. लगाम आतच आहे. ताण महिनोन्‌महिने चालला की हा लगाम सैल पडू शकतो.

याला समांतर दुसरी वाट आहे. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा ठिपका आहे, तो मेंदूभर नॉरॲड्रिनलिन हे सावध करणारं रसायन पसरवतो. तुमची धडधड या दुसऱ्या वाटेची आहे. ती काही सेकंदांत सुरू होते. कॉर्टिसोल सावकाश, मिनिटांच्या हिशेबाने वाढतं.

मग तीनच का? गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात उरकतो, आणि गाढ झोप ही सगळी साखळी दाबून ठेवते. तीनपर्यंत तो साठा संपलेला असतो. पुढची झोप हलकी आणि स्वप्नांची. साधारण दीड तासाच्या एकेका फेरीनंतर किंचित जाग सगळ्यांनाच येते, सकाळी ती आठवतही नाही. तुमच्याकडे त्या क्षणी यादी तयार असते, म्हणून ती किंचित जाग पूर्ण जाग होते. तीनला जाग येणं हा बिघाड नव्हे. पुन्हा झोप न लागणं हा प्रश्न आहे.

वय लिहिलं नाहीत. घोरता का? लघवीला उठावं लागतं का? नवीन औषध सुरू झालंय का?

मुक्ता_सातारा | सकाळी ११:०५

मधल्या सुट्टीत लिहितेय. डॉक्टर, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. वय ४६. घोरत नाही असं नवरा म्हणतो. औषध फक्त थायरॉइडचं, जुनंच.

निवृत्त_मास्तर | सकाळी ११:४०

माहिती उत्तम, वादच नाही. पण मला मूळ मुद्दा वेगळा दिसतो. ही बाई दिवसा नोकरी करते, संध्याकाळी घर बघते आणि रात्री पक्षाघाताच्या रुग्णाची सेवा करते. तिला जाग येणार नाही तर काय होईल? पिट्युटरी आणि ॲड्रिनलची नावं घेतली की सगळं तिच्या शरीराच्या खात्यावर जातं आणि घरातली कामाची वाटणी आहे तशीच राहते. माझ्या पत्नीने माझ्या आईचं सगळं केलं. तिची झोप आई गेल्यावर परत आली, कुठल्याही गोळीने आली नाही. मुक्ताताई, सासऱ्यांना आणखी मुलं आहेत का? ती काय करतात?

पन्नाशीची_पालवी | दुपारी १२:१५

मास्तरांच्या शेवटच्या दोन वाक्यांना शंभर वेळा अनुमोदन.

आणि मुक्ता, ४६ वाचून लिहिते. रात्री जाग येते तेव्हा अंग तापून घाम येतो का? पांघरूण फेकावंसं वाटतं का? मला वर्षभर वाटत होतं की हा ताणच आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाळी जायच्या काळातल्या गरम वाफा म्हणून सांगितलं आणि त्यावर उपचार केले, तेव्हा झोप सुधारली. एकदा दाखवून घे.

उत्तरवारा | दुपारी २:३०

जर्मनीत मज्जाशास्त्रात संशोधन करते, हा विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा सविस्तर.

स्टेथोस्कोप यांनी साखळी सांगितलीच आहे. त्यात एक भर. आपण सगळे कॉर्टिसोलच्या नावाने खडे फोडतो, पण झोपेच्या बाबतीत साखळीची पहिली कडी जास्त त्रास देते. म्हणजे सीआरएच. म्युनिकच्या माक्स प्लांक मानसोपचार संस्थेत झोपलेल्या निरोगी माणसांना ही संप्रेरकं शिरेतून देऊन बघितली गेली. सीआरएच दिलं तर गाढ झोप घटली. नुसतं कॉर्टिसोल दिलं तर तरुण पुरुषांत गाढ झोप उलट वाढली आणि स्वप्नांची झोप कमी झाली. कॉर्टिसोल वर जाऊन सीआरएचला आवर घालतं, हा त्याचा बहुधा अर्थ. म्हणून 'कॉर्टिसोल उतरवणारा चहा' वगैरे जे विकलं जातं त्याला बूडच नाही.

सीआरएच पिट्युटरीपुरतं थांबत नाही. ते त्या लोकस सेरुलियसलाही चेतवतं, आणि १९९८ मध्ये सापडलेल्या ओरेक्सिनच्या पेशींनाही. ओरेक्सिन आपल्याला जागं ठेवतं. स्टॅनफर्डच्या एका गटाने २०२० मध्ये उंदरांवर दाखवलं की हायपोथॅलॅमसमधल्या सीआरएचच्या पेशी चेतवल्या की झोपलेला उंदीर जागा होतो, आणि तो निरोप ओरेक्सिनच्या पेशींमार्फतच जातो.

उलटा फेराही आहे. शिकागोत १९९७ मध्ये तरुण पुरुषांना एक रात्र अर्धवट झोपू दिलं किंवा अजिबात झोपू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा ते अकरा या वेळात, जेव्हा कॉर्टिसोल उतरायला हवं, तेव्हा ते अनुक्रमे ३७ आणि ४५ टक्क्यांनी जास्त निघालं. ताणाने झोप जाते आणि झोप गेल्याने संध्याकाळचा ताण वाढतो.

आता मुक्तासाठी सगळ्यात महत्त्वाचं. ल्युबेक विद्यापीठातल्या यान बोर्न यांच्या गटाचा १९९९ मधला प्रयोग. १५ जणांना झोपण्याआधी सांगितलं, उद्या सहाला उठवू किंवा नऊला उठवू. ज्यांना सहा सांगितलं होतं त्यांचं एसीटीएच साधारण तासभर आधीपासून चढायला लागलं. ज्यांना नऊ सांगून अचानक सहाला उठवलं त्यांचं तसं चढलं नव्हतं. झोपेतसुद्धा मेंदू उठायची वेळ धरून ठेवतो आणि तयारीला लागतो. रात्री बाबांसाठी उठावं लागेल ही जबाबदारी डोक्यात घेऊन तू झोपतेस. हाक आली नाही तरी मेंदू हाकेची वाट बघत असणार असं मला वाटतं.

टेस्टर_रघू | दुपारी २:५०

म्हणजे गजराच्या दोन मिनिटं आधी जाग येते ती हीच! मी आजवर गजराला घाबरून जागा होतोय असं समजत होतो.

द्राक्षबाग | संध्याकाळी ७:२०

उत्तरवारा ताईंचं वाचलं आणि आमच्या गावातला प्रत्येक माणूस डोळ्यांसमोर आला.

मी निफाड तालुक्यातला. शेतीपंपाची वीज आलटून पालटून येते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा असला की बारा-एकला उठून मोटार चालू करायला विहिरीवर जायचं. हातात बॅटरी, काठी, मोबाईलवर गाणी मोठ्याने लावलेली, कारण उसात बिबट्या असतो. परत येऊन पडलं तरी अंग काही सैल पडत नाही. आणि दिवसाचा आठवडा आला तरी रात्री बरोब्बर त्याच वेळेला डोळे उघडतात.

ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की पुढचे महिने वेगळेच. पोंग्यापासून फुलोऱ्यापर्यंत पाऊस आला तर डावणी, म्हणजे बुरशीचा रोग. पहाटे धुकं पडलं की मी चपला घालून बागेत. पानं उलटी करून बघायची, खाली पांढरी बुरशी दिसली की त्याच वेळी फवारणी. मणी भरल्यावर अवकाळी आला तर मणी तडकतात, मग व्यापारी सांगेल तो भाव. पत्र्यावर थेंब वाजला की घरातले सगळे उठून बसतात, बोलत कुणी नाही.

राखणीचं कुत्रं जसं बिबट्यावर भुंकायला शिकवलं की पुढे पाव्हण्यावरही भुंकतं, तसं आमचं डोकं झालंय. मोकळ्या आभाळालाही भुंकतं. यावर शेतकऱ्याने काय करायचं ते डॉक्टरांनी सांगावं. मास्तर म्हणाले तसं काम वाटून घेता येतं, पाऊस कसा वाटून घ्यायचा?

अंजली_काकू | संध्याकाळी ७:५५

भाऊ, वाचून पोटात कालवलं. बिबट्याचं सांभाळा.

रात्रपाळी_सिस्टर | रात्री ८:१०

द्राक्षबाग दादा, आमचंही तेच. मी अतिदक्षता विभागात आहे, आठवड्याला पाळी बदलते. सुट्टीच्या रात्री घरी झोपलेली असते आणि कानात मॉनिटरचा आवाज वाजून उठते. शरीराचं घड्याळ पाळीबरोबर झटकन फिरत नाही. कॉर्टिसोलचा चढउतार बरेच दिवस जुन्याच वेळेला चिकटून राहतो. म्हणून सकाळी आठला घरी येऊन झोपायचं म्हणजे शरीराची उठायची वेळ आणि आपली झोपायची वेळ समोरासमोर येतात.

मला उपयोग झाला तो यांचा: घरी येताना गॉगल, खोलीला जाड काळे पडदे, पाळीच्या उत्तरार्धात चहा बंद, आणि शेजारणींना सांगून दारावरची बेल काढून ठेवली.

मांडवीकाठ | रात्री ८:४०

आमच्या गोंयात यावर एकच उपाय, दुपारची झोप. एक वाजता दुकान बंद, हुमण-भात, आणि चारपर्यंत कोणी उठवायचं नाही. माझे वडील ८४ वर्षांचे, आजही दुपारी आडवे होतातच. रात्रीची कसर दुपारी भरून काढा आणि सोडून द्या.

स्टेथोस्कोप | रात्री ९:१५

मांडवीकाठ, वडिलांना नमस्कार. ज्यांची रात्रीची झोप नीट आहे त्यांनी खुशाल वामकुक्षी घ्यावी. रात्री झोप मोडणाऱ्यांनी मात्र दुपारी दोन-तीन तास झोपू नये. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं, त्यातूनच रात्री झोपेचा दाब तयार होतो. दुपारी तो खर्च केला तर तीनला जाग आल्यावर परत झोपायला काही उरत नाही. वीस-पंचवीस मिनिटं, तीही तीनच्या आत, एवढं चालेल. सिस्टर आणि द्राक्षबाग यांच्यासारख्यांना हा नियम लागू नाही, त्यांनी रात्रपाळीच्या आधी जरूर झोपून घ्यावं.

चहा-कॉफीचंही तेच. कॅफिन ॲडेनोसिनचीच जागा अडवतं आणि निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. काहींना त्याहून जास्त.

मांडवीकाठ | रात्री ९:२२

वीस मिनिटं ही झोप नव्हे डॉक्टर, ती फक्त उशी सरळ करण्याची वेळ. पण मुद्दा समजला.

हिरवा_माळ | रात्री १०:०५

रसायनांची एवढी चर्चा झाली, अश्वगंधेचं नाव कोणी काढलं नाही. रोज रात्री दुधातून चमचाभर चूर्ण. मला फरक आहे. आपल्या मातीतलं औषध आहे, दुष्परिणाम शून्य.

उत्तरवारा | रात्री १०:४०

हिरवा_माळ, तुम्हाला फरक पडला याचा आनंद आहे. अश्वगंधेवर छोटे छोटे प्रयोग झालेत, काहींत झोप थोडी सुधारलेली दिसते, कॉर्टिसोल थोडं उतरलेलंही. पण 'दुष्परिणाम शून्य' हे कृपया लिहू नका. यकृताला सूज आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि ती थायरॉइडची पातळी वाढवू शकते. धागाकर्ती थायरॉइडची गोळी घेते. तिने डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

हिरवा_माळ | रात्री १०:५८

थायरॉइडचा मुद्दा मान्य. मुक्ताताई, आधी विचारून घ्या.

औषधी_दुकान | मंगळवार, सकाळी ८:३०

मी औषधविक्रेता. काउंटरवर रोज ऐकतो, 'ती छोटी झोपेची गोळी द्या, शेजारच्या काकांना लागू पडली.' ती गोळी बहुधा अल्प्राझोलाम असते, आणि ती औषधांच्या सरकारी एच-वन यादीत आहे. चिठ्ठीशिवाय देता येत नाही. दिली की रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. लोकांना वाटतं आम्ही अडवणूक करतो. पण आठवडाभरासाठी म्हणून सुरू झालेली गोळी वर्षानुवर्षं चाललेली मी बघतो. एकदम बंद केली की आधीपेक्षा वाईट रात्री येतात, म्हणून पुन्हा सुरू. जे घेत असतील त्यांनी स्वतःहून तोडू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या. म्हाताऱ्या माणसांना तर रात्री उठताना तोल जाऊन माकडहाड मोडायची भीती.

आणखी एक. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी प्रेडनिसोलोन लिहून दिलं असेल तर सहसा सकाळीच घ्यायला सांगतात. ते कॉर्टिसोलचंच भावंड आहे. विसरले म्हणून रात्री जेवल्यावर घेणारे दुसऱ्या दिवशी येऊन सांगतात, रात्रभर पंखा बघत होतो.

शांता_कोल्हापूर | सकाळी ९:५०

आमच्या ह्यांनाही तीनलाच जाग यायची, दचकून. मीही ताणच समजत होते, कारण मुलीचं लग्न तोंडावर होतं. एकदा जागी राहून बघितलं तर घोरता घोरता श्वासच थांबायचा, मग एक मोठा गचका आणि जाग. तपासणीत स्लीप ॲप्निया निघाला. आता मशीन लावून झोपतात. घोरणाऱ्यांनी ताणावर सोडून देऊ नका.

स्टेथोस्कोप | सकाळी १०:३०

शांताताईंचा प्रतिसाद सगळ्यांनी वाचावा. श्वास अडला की प्राणवायू उतरतो, मेंदू धोक्याची तीच यंत्रणा चालवून माणसाला उठवतो, आणि हे रात्रभर होत राहतं.

आता उपाय, कारण द्राक्षबाग यांनी थेट विचारलंय.

जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये गोळीऐवजी सीबीटी-आय सुचवली. ही झोपेपुरती वर्तन उपचारपद्धती आहे. तिचा एक पाया रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये घातला: अंथरूण फक्त झोपेसाठी. पडून राहून जागं राहिलं की मेंदू अंथरूण आणि काळजी यांची सांगड घालतो, मग अंथरुणाला पाठ टेकली की जाग. म्हणून वीसेक मिनिटांत झोप लागत नाहीये असं वाटलं, तर उठून दुसऱ्या खोलीत, मंद उजेडात, काहीतरी संथ करायचं. डोळे जड झाले की परत यायचं. घड्याळ बघायचं नाही, फोन तर नाहीच. सकाळी उठायची वेळ रोज एकच ठेवायची, रात्र कितीही वाईट गेली तरी.

दुसरा भाग म्हणजे अंथरुणातला वेळ काही दिवसांसाठी मुद्दाम कमी करायचा, म्हणजे झोप सलग होते, मग हळूहळू वाढवायचा. हे जाणकाराच्या देखरेखीखालीच. फिट्स येणाऱ्यांनी, बायपोलर असलेल्यांनी आणि रात्री गाडी चालवणाऱ्यांनी स्वतःहून अजिबात करू नये.

तिसरं, यादी. ती तीनला येते कारण दिवसभर तिला वेळच मिळत नाही. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला पंधरा मिनिटं वही घेऊन बसा. काळजी लिहा, समोर उद्याचं पहिलं काम लिहा. 'गोळ्या संपत आल्या' समोर 'उद्या शाळेतून येताना दुकान'. रात्री ती पुन्हा आली की वहीत आहे एवढं डोक्याला पुरतं.

द्राक्षबाग, पाऊस वाटून घेता येत नाही हे खरंच. पण रात्रीच्या विजेच्या आठवड्यात भावकीतल्या दोघा-तिघांनी पाळी लावून जावं, म्हणजे उरलेल्यांना 'आज माझी नाही' हे झोपण्याआधी माहीत असेल. ल्युबेकच्या प्रयोगात फरक पडला तो झोपण्याआधी काय सांगितलंय त्यानेच. आणि आता माणूस म्हणून विचारतो: सकाळी सकाळी उदास वाटतं का, कशातच जीव रमत नाही, नको नको ते विचार येतात? नेहमीपेक्षा फार लवकर जाग येऊन परत झोप न लागणं हे नैराश्याचंही लक्षण असतं. तसं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलतात. जवळचा डॉक्टर तर आहेच.

द्राक्षबाग | दुपारी १:१०

डॉक्टर, स्पष्ट विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो. गेल्या वर्षी माल गेला तेव्हा होते तसले विचार. बायकोला सांगितलं होतं, तिने भावाला बोलावून घेतलं. या वर्षी नाहीत. नंबर गावच्या ग्रुपवर टाकला. कोणाला लागेल ते त्यालाच माहीत.

पाळीचं आज चुलत्यांशी बोलतो. दोघं मिळून गेलं तर बिबट्याचीही भीती कमी.

निवृत्त_मास्तर | दुपारी १:३५

द्राक्षबाग, तुम्ही हे चारचौघांत लिहिलंत, त्याने कुणाचा तरी जीव वाचेल. तुमच्या पत्नीला माझा नमस्कार सांगा.

टेस्टर_रघू | दुपारी ३:०५

मला एक शंका. मीटिंग साडेअकराला संपते ते बदलता येणार नाही. लगेच झोप येत नाही म्हणून मी एक पेग घेतो, त्याने लागते. बरोबर की चूक?

रात्रपाळी_सिस्टर | दुपारी ३:४०

रघू, लागते लवकर, पण रात्रीचा दुसरा अर्धा भाग तुटक होतो. दारू उतरायला लागली की मेंदू उलट जास्त चेततो. मग तुझीही मुक्तासारखी तीनची वेळ सुरू होईल. मीटिंग आणि झोप यांत तासभर सोड. दिवे मंद कर, अंघोळ कर, काहीतरी हलकं वाच. आणि सकाळी उठायची वेळ पक्की कर. तुझी पहाट इतरांपेक्षा दोन तास उशिरा असली तरी चालेल, फक्त ती रोज तीच असू दे.

मुक्ता_सातारा | पुढचा रविवार, संध्याकाळी ५:३०

उशिरा येतेय, माफ करा. सगळे प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवले. मास्तरांचा दोनदा.

बाबांना मुलगी आहे, कराडला. नणंद वाईट नाही, तिला कोणी विचारलंच नव्हतं. तिने शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री घेतल्या. उरलेल्या रात्री आम्ही दोघांनी एकाआड एक ठरवल्या, आणि ज्याची पाळी नाही त्याने आतल्या खोलीत दार लावून झोपायचं. बाबांना वाजवायला छोटी घंटा दिलीय, डावा हात चांगला चालतो त्यांचा.

माझ्या पाळीच्या रात्री जाग येतेच. पण काल नणंद होती, मी आत होते. चारला जाग आली, धडधड नव्हती. वहीची आठवण झाली आणि परत डोळा लागला. उठून बसायची वेळ आली नाही.

घाम येतो का असं पालवीताईंनी विचारलं होतं. येतो, कधीकधी. बुधवारी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणार आहे. स्ट्रेस पॅकेज केलं नाही, त्या पैशांत बाबांसाठी हवेची गादी आणली. पाठीच्या जखमेची काळजी वहीतून खोडली.

उत्तरवारा | संध्याकाळी ६:१५

किती बरं वाटलं वाचून! एक सांगून ठेवते. मध्ये एखादी रात्र पुन्हा वाईट जाईल, तेव्हा सगळं फुकट गेलं असं समजू नकोस. काही मेंदूंची झोप ताणाने इतरांपेक्षा पटकन मोडते, तो जन्मजात कलही असतो.

अंजली_काकू | संध्याकाळी ६:४०

नणंदेला म्हणावं, शाब्बास. जायफळ घेतलंस का?

मुक्ता_सातारा | संध्याकाळी ६:५२

घेतलं काकू, रोज घेते.

दहावीची_आई | रात्री ११:४८

धागा वाचून काढला. माझ्या मुलीची बोर्डाची परीक्षा आहे, रात्री दोनपर्यंत वाचते आणि म्हणते झोपच येत नाही. वरचं सगळं पंधरा वर्षांच्या मुलीला लागू पडतं का? तिच्या घड्याळाचं काही वेगळं असतं असं ऐकलंय.

स्टेथोस्कोप | सोमवार, सकाळी ७:२०

वेगळं असतं. त्या वयात मेंदूचं घड्याळच झोपेची वेळ दीड-दोन तास उशिरावर नेतं, तो आळस नव्हे. त्यात परीक्षेचा ताण. पण पाठ केलेलं पक्कं होतं ते झोपेतच, हे तिला सांगा. यावर वेगळा धागा काढा, इथले सगळे येतील. मी दुपारी लिहितो, आत्ता ओपीडी आहे.